समुद्राकडे पाठ करून: कोस्टा ब्राव्हाचे मागचे रस्ते

"समुद्रकाठानं सायकल चालवायला आलात ना मामा? मग आधी समुद्राकडं पाठ करा."

आक्काचा मुलगा तीन वर्षांपासून बार्सिलोनात शिकतो आहे. जिरोनाच्या खानावळीत टेबलावर नकाशा पसरून त्यानं मला पहिला धडा दिला तो हा. स्पेनच्या ईशान्य टोकाला, ब्लानेसपासून फ्रान्सच्या हद्दीपर्यंतचा खडबडीत, रानटी किनारा म्हणजे कोस्टा ब्राव्हा. नाव ऐकून कोणी भर उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या मोठ्या रस्त्यावर सायकल घातली, तर त्याच्या वाट्याला बस, भाड्याच्या मोटारी आणि मागे कॅरॅव्हॅन जोडलेली कुटुंबंच येणार. भाच्याची युक्ती सोपी होती. ऑक्टोबरात यायचं, आणि ज्या रस्त्याचा क्रमांक 'जीआयव्ही'नं सुरू होतो तो धरायचा. त्या खेड्याला खेडं जोडणाऱ्या स्थानिक सडका. डांबर गुळगुळीत, रुंदी दोन मोटारी जेमतेम मावतील एवढी, आणि वाहतूक म्हणाल तर एखादा ट्रॅक्टर.

सायकली भाड्यानं घेतल्या. जिरोनात जगभरचे व्यावसायिक सायकलपटू घर करून राहतात, त्यामुळे गावात सायकलची दुकानं आपल्याकडच्या मोबाइलच्या दुकानांइतकी. मी फक्त माझं सॅडल आणि पेडल पुण्याहून नेलं होतं. पन्नाशीत माणसानं सगळं बदलावं, सॅडल बदलू नये. दुकानदारानं सायकल दिली, दोन जादा ट्यूब दिल्या, पंप दिला, आणि सांगितलं की पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे. आपल्या सवयीच्या उलट. रात्री ओन्यार नदीवरच्या लाल लोखंडी पुलावर उभं राहून मी डाव्या हाताची बोटं आवळून-सोडून सराव करत होतो. हा पूल आयफेलच्या कंपनीनं 1877 मध्ये बांधलेला, पॅरिसच्या मनोऱ्याच्या आधी. माझं लक्ष मात्र ब्रेकवर.

दिवस पहिला: जिरोना ते पेरातायादा, चाळीसेक किलोमीटर

इथं ऑक्टोबरात आठ वाजेपर्यंत उजाडत नाही. सकाळी सहाला उठून तयार बसलेल्या मामाला भाच्यानं परत झोपायला पाठवलं.

शहर संपता संपताच एल्स आंजल्सचा चढ सुरू होतो. दहा-अकरा किलोमीटर, चार-पाच टक्क्यांचा, एकसारखा. पुणेकर सायकलवाल्यांना सांगायचं तर बोपदेव घाट दुप्पट लांब ओढावा आणि तेवढाच मऊ करावा, तसा. दोन्ही बाजूंना गावारेस डोंगराचं जंगल, पाइन आणि ओक, आणि ऊन पडायला लागलं की राळेचा वास.

तिसऱ्या किलोमीटरला मागे मोटार आली. कळलं ते फक्त टायरच्या आवाजावरून. वळणं आंधळी होती, म्हणून ती ओलांडेना. मी सवयीनं कडेला सरकलो, मग आणखी सरकलो, एक पाय जवळजवळ गवतात. मोटार तशीच मागे, हळूहळू. हॉर्न नाही. मला घाम फुटला. हॉर्न वाजला असता तर बरं वाटलं असतं, निदान काय चाललंय ते कळलं असतं!

"मामा, मधे या," भाचा मागून ओरडला. "कडेला गेलात की त्याला वाटतं तुम्ही पडणार."

स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा कायदा आहे, आणि दोन सायकली शेजारी-शेजारी चालवायलाही मुभा आहे. हे मी वाचून आलो होतो. पण पस्तीस वर्षं सोलापूर आणि पुण्याच्या रस्त्यांवर जे अंगात मुरलंय ते वाचून जात नाही. सरळ रस्ता आला तशी मोटार पलीकडच्या बाजूला पूर्ण जाऊन निघून गेली. चालवणाऱ्या बाईंनी हात केला. मी नमस्कार केला, एक हात सोडून, आणि तोल जाता जाता वाचलो.

माथ्यावर साधारण 485 मीटर उंचीवर मेरीमातेचं ठाण आहे. चित्रकार साल्वादोर दाली आणि त्याची बायको गाला यांचं चर्चमधलं लग्न इथंच लागलं, 1958 मध्ये. एवढा तऱ्हेवाईक माणूस आणि लग्नाची जागा इतकी साधी. पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या. पलीकडं मादरेमान्यापर्यंतचा उतार आहे आणि त्यावर मी डाव्या ब्रेकचा सराव पूर्ण केला.

खाली एम्पोर्दाचा सखल मुलूख. मोनेल्स, क्रुइल्येस, दगडी खेडी, प्रत्येकाचा एक चौक, चौकात कमानी. एका गावातून दुसऱ्याचा चर्चमनोरा दिसतो, त्यामुळे नकाशा खिशात ठेवता येतो. आम्ही रमतगमत गेलो आणि तीच चूक झाली. पेरातायादाला पोचेस्तोवर चार वाजले. इथं जेवण एक ते साडेतीन. स्वयंपाकघर बंद, आणि रात्रीचं जेवण आठाच्या आधी कोणी वाढत नाही. चौकातल्या बारवाल्यानं एवढंच सांगितलं की पाव आहे, टोमॅटो आहे, तेल आहे.

इथल्या कातालान लोकांची ही रोजची न्याहारी. भाजलेल्या पावाच्या फोडीवर अर्धा टोमॅटो घासायचा, नुसती साल हातात उरेपर्यंत, मग ऑलिव्हचं तेल आणि मीठ. मी पिशवीतून सोलापूरची शेंगाचटणी काढली आणि त्यावर भुरभुरली. लाल टोमॅटो, हिरवट तेल, त्यावर कुटलेल्या शेंगदाण्याचा तांबडा थर. तेल चटणीत उतरून ती अशी ओलसर झाली की घरी भाकरीवर होते तशी. बारवाला बघत होता. त्याला बोटभर दिली. त्यानं ती चाखली, डोळे मिटले, आणि न विचारता आणखी पाव आणून ठेवला. रात्रीच्या जेवणाला मग आम्ही नाही म्हटलं.

दिवस दुसरा: पाल्सची भातं आणि आखूड व्हॉल्व्ह

पेरातायादा म्हणजे कापलेला दगड. गावाभोवतीचा खंदक खडकातून खोदलेला, ते सकाळी धुक्यात पाहिलं. उल्यास्त्रेतला, रोमनांच्या आधीच्या इबेरियन लोकांच्या गावाचे अवशेष टेकडीवर आहेत. तिथून पाल्सच्या दिशेनं उतरलो की एकदम भात लागतं. भूमध्य समुद्राच्या काठी भातशेती असते हे मला माहीत नव्हतं. आम्ही ज्वारीवाले, पण भातकापणीचा ओला, किंचित आंबूस वास कोणालाही ओळखू येतो. तेर नदीचं पाणी पाटानं आणून ही खाचरं भरतात. कापणी यंत्रानं चालली होती आणि यंत्रामागं बगळे, अगदी आपल्या नांगरामागं चालतात तसे, एकमेकांत अंतर राखून. शेतांमधून सपाट बारीक रस्ते गेलेत. त्या दहा किलोमीटरांत आम्ही एकही गिअर बदलला नाही.

तोर्रोएयाच्या पुढं, मोंग्रीच्या उघड्या डोंगराला वळसा घालताना माझं मागचं चाक बसलं. डोंगरावर सातशे वर्षांपूर्वी बांधायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी आम्ही ट्यूब काढली, टायरमधून काटा काढला, नवी ट्यूब घातली आणि पंप लावायला गेलो तर व्हॉल्व्ह दिसेना. चाकाची कड खोल होती, ट्यूबचा व्हॉल्व्ह आखूड. भोकातून त्याचं नुसतं टोक डोकावत होतं, बिळातून उंदीर बघतो तसं. दुसरी ट्यूब काढली. तीही तसलीच. दुकानात माणसानं जादा ट्यूब देताना चाकाकडं बघितलंच नव्हतं आणि आम्हीही नाही.

भाचा फोनवर दुकानं शोधत होता, मी जुन्या ट्यूबवर ठिगळ लावायची तयारी करत होतो. तेवढ्यात आठ-दहा जणांचा घोळका आला. सगळे एकाच रंगाच्या जर्सीतले, सगळे माझ्याहून मोठे, दोन-तीन तर सत्तरीचे असावेत. न विचारता थांबले. एकानं चाकाकडं बघितलं, हसला, सॅडलखालच्या पिशवीतून लांब व्हॉल्व्हची ट्यूब काढली आणि माझ्या हातात न देता स्वतःच बसवली. पैसे विचारले तर त्यानं भाच्याला कातालानमध्ये काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. भाच्यानं मला अजून त्याचा अर्थ सांगितलेला नाही.

संध्याकाळी लेस्काला. हे मिठात मुरवलेल्या बारीक माशांचं, अँकोव्हीचं गाव. पावावर दोन तपकिरी पट्ट्या ठेवून आल्या. सुकटीचा श्रीमंत चुलतभाऊ. आवडला.

दिवस तिसरा: त्रामुंताना

लेस्कालाच्या कुशीतच एम्पुरियेस आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात फोकाईआहून आलेल्या ग्रीक व्यापाऱ्यांनी इथं पेठ वसवली. नावाचा अर्थच बाजारपेठ. ख्रिस्तपूर्व 218 मध्ये रोमन सैन्य स्पेनच्या भूमीवर पहिल्यांदा उतरलं ते इथंच, आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकची ज्योतही ग्रीसहून समुद्रमार्गे आधी इथंच आली. अवशेषांना लागून समुद्रकाठानं पाइनच्या सावलीत वाट जाते. तीन किलोमीटरही नसेल, पण सहलीतली सगळ्यात सुंदर. समुद्र त्या दिवशी विलक्षण निळा होता आणि लाटा किनाऱ्याकडं यायच्याऐवजी आडव्या चालल्यासारख्या वाटत होत्या.

"हवा छान आहे," मी म्हणालो.

"छान नाही. इतकं स्वच्छ दिसतंय म्हणजे त्रामुंताना सुटणार."

त्रामुंताना म्हणजे पिरेनीज पर्वत ओलांडून येणारा उत्तरेचा वारा. आमचा रस्ता बरोबर उत्तरेला. सांत पेरे पेस्कादोरला सफरचंदाच्या बागा आहेत, त्या बागांच्या उत्तरेला सायप्रसच्या झाडांची दाट भिंत लावलेली दिसते. ही झाडं शोभेची असावीत असं मला आधी वाटलं होतं. भिंत संपली आणि वारा थेट अंगावर आला तेव्हा ती कशासाठी ते समजलं. सपाट रस्त्यावर आम्ही घाटातला गिअर लावून ताशी नऊ किलोमीटरनं चाललो होतो. मधूनच झोत बाजूनं यायचा आणि पुढचं चाक उचलून फूटभर पलीकडं ठेवायचा. बोलणं अशक्य. मी अर्धा तास भाच्याच्या मागच्या टायरवरच्या अक्षरांकडं बघत काढला.

ठरलेला मुक्काम यान्साचा होता. आम्ही कास्तेयोलाच थांबलो, वीसेक किलोमीटरांवर, दुपारी एकला. एक मात्र झालं, जेवणाची वेळ सापडली. मनुका आणि चिलगोजासारख्या पाइनच्या बिया घातलेली पालकाची परतून भाजी, शिजवलेले पांढरे घेवडे, आणि झोप.

दिवस चौथा: सांत पेरे द रोडेस

वारा रात्री पडला. विलाजुइगापासून डोंगर चढायला घेतला. आठ-नऊ किलोमीटर, सावली नावाला नाही. वरच्या अंगाला बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, त्याचं चर्च 1022 मध्ये पवित्र केल्याची नोंद. सकाळी दहा ते अकरा या तासात आम्हाला दोन सायकलवाले आणि एक पाववाल्याची गाडी भेटली.

चढावर मान खाली असते, त्यामुळे माणूस कडेचं नीट बघतो. मला दिसल्या त्या ताली. डोंगराच्या पार माथ्यापर्यंत दगडावर दगड रचून केलेल्या ताली, चुना नाही, माती नाही, नुसते दगड. हजारो. आणि एकाही तालीवर काही पेरलेलं नाही. झुडपं, कुठं एखादं रानटी झालेलं ऑलिव्ह. ज्यानं बांधाचा एक दगड तरी उचललाय त्याला या कामाचा अंदाज येतो. मठाच्या दारात भाच्यानं माहिती वाचून दाखवली. सगळे द्राक्षमळे होते. 1879 च्या सुमारास फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्सकडून इकडं उतरली आणि काही वर्षांत वेली गेल्या. सपाटीवर पुन्हा लावल्या, डोंगरावर बऱ्याच ठिकाणी लावल्याच नाहीत. माणसं खाली गेली, गावं सोडून गेली.

इथपर्यंत मी शांत रस्ता म्हणजे निसर्गाची देणगी समजून मजेत पेडल मारत होतो. या चढावर पहिल्यांदा वाटलं की इथं पूर्वी गजबज असणार, द्राक्षं वाहणारी गाढवं, बायका, पोरं. मग डोक्यात तेच बसलं. पुढं जिथं जिथं रस्ता रिकामा लागला तिथं मी विचारायला लागलो की इथून काय उठून गेलं? भाचा वैतागला.

पोर्त द ला सेल्वाकडचा उतार भन्नाट आहे. समोर काप दे क्रेउसचं काळपट टोक, खाली पांढरं गाव. बोटं आखडली तेव्हा कुठं थांबलो. संध्याकाळी यान्साच्या बंदरात पाय पाण्यात सोडून बसलो. पाणी अजून कोमट होतं.

दिवस पाचवा: सरहद्द

यान्साहून उत्तरेला किनारा सोडून जायला जागाच नाही. डोंगर थेट पाण्यात उतरतो. एकच जुना राष्ट्रीय महामार्ग, वळणावळणाचा. आमचा सगळा नियम मोडून आज आम्ही महामार्गावर होतो, आणि आठवड्यातला सगळ्यात निवांत रस्ता तोच निघाला. वाटेत कोलेरा नावाचं गाव आहे. पाटीजवळ फोटो काढून आक्काला पाठवला तर तिचा लगेच उलट निरोप: "पाणी उकळून प्या."

आणखी एक चढ, एक उतार, आणि खाली पोर्तबोऊ. हजार-बाराशे वस्तीचं गाव, आणि त्याच्या डोक्यावर बसलेलं स्टेशन. स्टेशन म्हणजे किती मोठं? लोखंड आणि काचेचं अवाढव्य छप्पर, 1929 चं, खाली फलाटांवर फलाट, आणि त्यावर आम्ही दोघं, एक मांजर आणि एक सफाई कामगार.

इथं मला थोडं घरचं सांगायला हवं. मी कुर्डुवाडीचा. आजोबा बार्शी लाइट रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. 1897 मध्ये सुरू झालेली ती अडीच फुटी गाडी पुढं लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत गेली. तिकडं मुंबई-सोलापूरची मोठी लाइन, इकडं ही धाकटी; दोन्ही कुर्डुवाडीला भेटायच्या आणि एकमेकींत शिरू शकायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक माणूस, प्रत्येक पोतं तिथं उतरायचं आणि पुन्हा चढायचं. आषाढीला वारकऱ्यांनी फलाट नुसता भरून जायचा. आजोबा म्हणायचे, आमचं गाव दोन रुळांच्या फरकावर जगतं.

पोर्तबोऊ अगदी तसंच. स्पेनचे रूळ 1668 मिलिमीटरचे, फ्रान्सचे 1435. 1878 मध्ये लाइन जोडली गेली तेव्हापासून सगळं या डोंगराच्या अलीकडं-पलीकडं उतरवून चढवायचं. पलीकडच्या सर्बेर गावात स्पॅनिश डब्यांतली संत्री फ्रेंच डब्यांत भरायचं काम बायका करायच्या, टोपल्यांनी, हातानं. 1906 मध्ये त्यांनी पगारासाठी संप केला होता. 1995 मध्ये सरहद्दीवरची तपासणी उठली, जकातीचं काम त्याआधीच गेलेलं. मालमोटारी मोठ्या महामार्गानं ला जोंकेराकडून जातात. 2013 पासून बार्सिलोनाची वेगवान गाडी डोंगराखालच्या बोगद्यातून सरळ फ्रान्सात शिरते. उरलं ते छप्पर. मी फलाटावर बसून राहिलो. भाचा काही बोलला नाही, पाण्याची बाटली आणून शेजारी ठेवली. त्याच्या जन्माच्या सुमाराला आमच्याकडची छोटी गाडीही बंद होऊन रूळ रुंद व्हायला लागले होते. त्याला ती फक्त आक्काच्या बोलण्यातून माहीत.

गावाच्या कडेला स्मशानाजवळ वाल्टर बेंजामिन या जर्मन ज्यू विचारवंताचं स्मारक आहे. नाझींपासून पळत, डोंगर पायी ओलांडून तो सप्टेंबर 1940 मध्ये इथं पोचला. पुढं जाऊ देणार नाहीत असं कळलं आणि त्याच रात्री इथल्या एका हॉटेलात त्यानं जीव दिला. दानी काराव्हान या शिल्पकारानं गंजलेल्या पोलादाचा एक बोगदा उतारात घातलाय. आत पायऱ्या, खाली समुद्र, मध्येच काचेची आडवी भिंत. पायाखाली पोलाद वाजतं, म्हणून आम्ही पेडलला अडकणारे क्लीटचे बूट काढून अनवाणी उतरलो. काचेपाशी थांबावंच लागतं. पलीकडं पाणी खडकावर फुटत होतं.

तिथून तीन किलोमीटर चढून कोल देल्स बेलित्रेस. 1939 च्या जानेवारी-फेब्रुवारीत यादवी युद्ध हरलेल्या बाजूची लाखो माणसं कातालोनियातून फ्रान्सकडं निघाली. त्यांतली पुष्कळ या खिंडीतून. त्यांचं स्मारक आहे. शेजारी जुनी जकात चौकी, काचा फुटलेल्या, भिंतींवर रंगाचे फवारे. पासपोर्ट खिशातून काढून हातात धरावा असं मला उगीच वाटलं. घ्यायला कोणी नव्हतं. रेघ ओलांडली, सर्बेरला उतरलो, कॉफी प्यायलो, स्पेनपेक्षा महाग, आणि तोच डोंगर परत चढलो. जेमतेम तीस किलोमीटरचा दिवस. पाय दुखले नाहीत, तरी गाडीत सायकल दोरीनं बांधून बसलो तेव्हा खूप दमल्यासारखं झालं होतं. त्या रिकाम्या स्टेशनातून साधी पॅसेंजर अजून सुटते आणि तासा-सव्वा तासात जिरोनाला पोचवते, सायकलीसकट.

दिवस सहावा: कारिलेत

हा दिवस भाच्यानं मुद्दाम शेवटी ठेवला होता आणि आधी सांगितलं नव्हतं.

जिरोनाच्या दक्षिणेला एक मातीची, चोपून पक्की केलेली वाट सुरू होते. मोटारींना मज्जाव. ती चाळीसेक किलोमीटर जाऊन सांत फेलिऊ द गिशोल्सच्या बंदरावर संपते. मी निघालो आणि पाच मिनिटांत कळलं. चढ आहे पण जाणवत नाही. वळण आहे पण ते इतकं लांब की हँडल हलवावं लागत नाही. टेकडी आली की वाट तिच्यावर चढत नाही, तिला कापून जाते. ओहोळ आला की भराव. सायकलवाल्यानं असा रस्ता आखला नसता, आणि बैलगाडीवाल्यानंही.

"ही रेल्वे आहे," मी म्हणालो.

"होती. 1892 ते 1969." भाचा खूश होता. "आणि रुंदी विचारा की मामा."

"किती?"

"साडेसातशे मिलिमीटर."

आमची 762. बारा मिलिमीटरचा फरक, करंगळीच्या टोकाएवढा. लोक तिला लाडानं कारिलेत म्हणायचे, छोटी गाडी. ती बांधली गेली मुख्यतः बुचासाठी. या डोंगरातलं बूच बंदरावर न्यायचं, तिथून जगभर. रूळ उचलल्यावर वर्षानुवर्षं झुडपं वाढली, मग वाट साफ करून सायकलींना दिली. क्वार्त, कास्सा, यागोस्तेरा अशी एकेक स्टेशनं येत जातात. काही इमारती उभ्या आहेत, फलाटाची कड अजून ओळखू येते. एका फलाटावर मी सायकल टेकवून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, मान वळवून लाइनीकडं पाहिलं.

बूच म्हटल्यावर मला आपलं बुचाचं झाड आठवलं, पांढऱ्या लांब देठाच्या सुवासिक फुलांचं, याच दिवसांत कुर्डुवाडीला स्टेशनच्या आवारात सडा पडायचा. त्याचा याच्याशी नात्यागोत्याचा संबंध नाही. हा ओक. यागोस्तेराच्या पुढं वाटेलगतच एक मोठं झाड होतं. खालचा बुंधा डोक्याच्या वर हातभर उंचीपर्यंत सोललेला, ताज्या गेरूच्या रंगाचा, गुळगुळीत. त्याच्यावर राखाडी, भेगाळलेली, जाड साल एकदम सुरू होते, जणू आखूड झालेला कोट. साल कुऱ्हाडीनं काढतात, उन्हाळ्यात, आणि आतला जिवंत थर दुखवायचा नाही, नाहीतर झाड पुन्हा साल धरत नाही. एकदा काढली की दहा-बारा वर्षं थांबायचं. मी वरच्या सालीत नख दाबलं. ते आत गेलं आणि काढल्यावर खूण हळूहळू भरून आली. लगेच नाही, पाणी पिऊन बाटली बंद करेपर्यंत वेळ लागला.

सांत फेलिऊहून तोसा द मारचा रस्ता बावीस किलोमीटर. याला 365 वळणं आहेत असं सगळे सांगतात. भाचा मोजायला लागला आणि एकेचाळिसाव्याला एक मोटारसायकल आडवी आल्यावर विसरला. ज्या किनाऱ्याकडं पाच दिवस पाठ केली होती तो इथं एकदम पुढ्यात येतो. दोनशे-दोनशे फुटांचे कडे, खाली हिरवट पाणी, कड्याच्या टोकाला वाकलेले पाइन. प्रत्येक खाडीला रस्ता आत वळतो, उतरतो, पुन्हा चढतो. सपाट असं काही नाहीच. जुलैत इथं सायकल घालू नका. ऑक्टोबरातल्या मधल्या वारी मात्र तासाभरात पंधरा मोटारीही नव्हत्या. तोसाच्या तटबंदीखाली वाळूवर बसून उरलेली शेंगाचटणी संपवली, यावेळी नुसतीच.

तोसाहून यागोस्तेराचा डोंगर चढलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. पुन्हा कारिलेतची वाट धरली. शंभराचा आकडा जिरोनाच्या आसपास पुरा होणार होता आणि भाचा तो पडद्यावर बघत होता. माझं लक्ष नव्हतं. अंधारायला लागलं, दिवे लावले, आणि क्वार्तच्या अलीकडं कुत्रं घेऊन फिरणारे एक आजोबा आमचे दिवे बघून वाटेच्या कडेला झाले. आम्ही जाईपर्यंत थांबले, मग पुन्हा वाटेच्या मधोमध चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सायकली परत दिल्या. दुकानातल्या माणसानं साखळी बघितली, चाकं फिरवून बघितली, मग पिशवी उघडून आखूड व्हॉल्व्हच्या दोन्ही ट्यूब मोजून परत घेतल्या. वापराव्या लागल्या नाहीत याचा त्याला फार आनंद झाला.